वाऱ्यापावसाची हो

इंग्लंडमधल्या टॉडमर्डन गावात लॉर्ना ऑर्मरॉडला अर्धे लोक ओळखायचे ते दातांमुळे. बाजारामागच्या दंतवैद्याकडे फोन तीच घ्यायची आणि उशिरा आलेल्यांना झापायचीही तीच. उरलेले अर्धे तिला 'ती चेटकीण' म्हणायचे. तिला त्याचं काही वाटत नसे. गळ्यातली चांदीची चंद्रकोर तिने कधी कॉलरखाली लपवली नाही. कुणी म्हणालं, "मंत्र घालून दाढ काढ की," तर ती म्हणायची, "काढते, पण कुठली निघेल त्याचा नेम नाही हं."

ख्रिस्ताच्याही आधीच्या जुन्या देवांच्या वाटेला ती लागली ती एका कादंबरीमालेपायी. उत्तरेकडच्या बेटांवरच्या, वारा वळवणाऱ्या बायकांची ती गोष्ट. सहावा भाग वाचनालयात एकच होता आणि तो रोवीना पिकल्स नावाची बाई परत करेना. लॉर्ना पत्ता काढून थेट तिच्या दारात उभी राहिली. "पुस्तक देताय की नाही?"

रोवीनाने दार पूर्ण उघडलं. "चाळीस पानं राहिलीत. चहा घ्या तोवर."

तो चहा वीस वर्षं चालला. पुस्तकातल्या त्या बायकांसारखंच या दोघी भेटल्या की एक म्हणायची, "चूल विझू नये." दुसरी म्हणायची, "दार मिटू नये." ज्यांना वाऱ्याची भाषा कळत नाही, त्यांना कादंबरीत 'कोरडे' म्हटलं होतं. तोही शब्द दोघींनी उचलला. शेजारी कोरडे, पाद्री कोरडा, आणि रोवीनाचा नवरा कीथ तर कोरड्यांचा राजा. तो दर रविवारी मेथडिस्ट चर्चमध्ये जायचा आणि बायकोच्या मेणबत्त्यांकडे बघून म्हणायचा, "पडदे तेवढे जाळू नकोस."

जुन्या देवांच्या ज्या मंडळात दोघी जायच्या ते क्लिफर्ड सग्डनने उभं केलं होतं. क्लिफर्ड हा तिथला पुजारी, नळदुरुस्तीच्या कामातून निवृत्त झालेला. तरुणपणी पेपरात त्याचा फोटो छापून आला होता, 'सैतानाचा प्लंबर' म्हणून, आणि लोकांनी त्याच्या खिडक्या फोडल्या होत्या. तेव्हापासून त्याला एकाच गोष्टीचा आधार होता: आमचे मंत्र प्राचीन आहेत. कादंबरीतलं बोलणं कानावर आलं की त्याच्या कपाळावर आठी उमटायची.

पन्नाशीत रोवीनाला कॅन्सर झाला. हॉस्पिटलात तिने लॉर्नाचा हात धरला. "मला निरोप देताना ते म्हण. बेटावरच्या बायका म्हणतात ते. क्लिफर्ड काही का म्हणेना."

लॉर्नाने क्लिफर्डला सांगितलं तेव्हा तो आधी हसला, मग भडकला. "अगं, बसस्टॉपवर वाचायची पुस्तकं ती! प्रेतापुढे म्हणायची? आधीच लोक आपल्याला वेड्यात काढतात."

"काढू देत."

"तुला काय जातंय बोलायला! खिडक्या माझ्या फुटल्यात."

"फुटल्यात, आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं," लॉर्ना म्हणाली. "पण क्लिफर्ड, तुझे मंत्र तरी आकाशातून पडले का? माझ्या आईच्या लग्नाच्या आसपास कुणीतरी टेबलाशी बसून जुळवलेत ते. चांगलेच जुळवलेत. हेही कुणीतरी टेबलाशीच बसून लिहिलंय."

"ते म्हटलंस, तर मंडळात पुन्हा येऊ नकोस."

"बरं," ती म्हणाली आणि कोट चढवला.

रोवीनाला डोंगरउतारावरच्या झाडीतल्या दफनभूमीत पुरलं. दुपारची वेळ होती, वारा असा की कुणाची टोपी डोक्यावर ठरेना. एका बाजूला मंडळ, दुसऱ्या बाजूला कीथ आणि त्याची चर्चची माणसं. क्लिफर्डने आपले मंत्र गंभीरपणे, सुंदर म्हटले. ते संपताच लॉर्ना पुढे झाली. क्लिफर्ड दात आवळून पुटपुटला, "लॉर्ना, नको." तिने ऐकलं नाही.

"आजवर तू आमची होतीस," ती म्हणाली. आवाज फाटला, तरी थांबली नाही. "आता वाऱ्यापावसाची हो. चूल विझू नये."

याला उत्तर द्यायचं असतं. मंडळातल्या सगळ्यांना ते पाठ होतं, पण क्लिफर्डकडे बघून प्रत्येकाने मान खाली घातली. लॉर्ना वाट बघत उभी राहिली. मागून कुणीतरी खोकलं.

"दार मिटू नये," कीथ म्हणाला.

त्याच्या चर्चच्या माणसांनी चमकून त्याच्याकडे पाहिलं. तो लालबुंद झाला होता. "काय बघताय?" तो म्हणाला. "वीस वर्षं माझ्या स्वयंपाकघरात हेच चाललं होतं. मला काय कान नाहीत?"

लॉर्ना तिथेच ढसाढसा रडली. क्लिफर्ड तडक गाडीकडे चालता झाला.

पुढे तिने स्वतःचं मंडळ काढलं. दर रविवारी दुपारी, पार्कात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. कुत्री फिरवणारे थांबून बघायचे, पोरं खिदळायची. ती कुणाला हाकलत नसे, आवाजही खाली आणत नसे.

एकदा नवीनच आलेल्या एका मुलीने थांबून बघणाऱ्या एका आजोबांकडे बोट दाखवून म्हटलं, "जाऊ द्या हो, कोरडा आहे तो."

"हा शब्द इथे चालणार नाही," लॉर्ना म्हणाली.

"पण पुस्तकात आहे ना!"

"असू दे. मी वाचते, पुस्तकाची नोकरी करत नाही."

मग एका उत्साही गृहस्थाने विचारलं, बाकीचं सगळं तरी प्राचीन केल्ट लोकांच्या काळापासूनचं आहे ना? म्हणजे घरी तसं सांगता येईल.

"नाही," लॉर्नाने ठणकावलं. "कादंबरीतलं आहे. मुखपृष्ठावर ड्रॅगन आहे. घरी तसंच सांगा."

गृहस्थ जरा घुटमळला, मग रिंगणात उभा राहिला. कीथने आणलेला आल्याचा केक त्याच्यापर्यंत फिरत आला. त्याने एक तुकडा उचलला आणि केक पुढे दिला.