न उघडणारा डबा

"फुकट देतेय मी, पारूबाई."

"फुकट बी नको. वर नारळ ठिवून दिलंसा तरी नको."

"मागच्या महिन्यात घेतले होते की दहा."

"घेतलं हुतं, म्हणूनच तर न्हाई म्हणाया आलंय."

मिरज स्टेशनाच्या मागं, पत्र्याच्या शेडपुढं दोघींची जुंपली होती. पारूबाई कांबळे जुने रेडिओ, टेप, टीव्ही सुटे करून माल वेगळा करायची. समोरची शरयू कुपवाडच्या एका लहान कारखान्यात इंजिनिअर. तिथं इलेक्ट्रॉनिक तानपुरे बनत. बटण दाबलं की तासन् तास सूर धरून ठेवणारे, जेवणाच्या डब्याएवढे. सत्त्याण्णव सालच्या एका खेपेत काहीतरी बिघडलं, सूर ढळायला लागला आणि पन्नास डबे परत आले. मालकांनी जागा मोकळी करायला सांगितली, म्हणून शरयू उरलेले चाळीस टेम्पोत घालून घेऊन आली होती.

पारूबाई मूळची म्हसवडची. नवरा धोंडिराम मिरजेला हमाली करायचा, त्याच्या मागं ती इथं आली. तो गेल्यावर एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात झाडलोट धरली, आणि केर काढता काढता बघून बघून सगळं शिकली. शाळा दुसरीपर्यंत. पण वाल्वचा रेडिओ हातात आला की पाठीचा पुठ्ठा काढून मिसळणाचा डबा आवरावा तसा आवरायची. तांबं एका घमेल्यात, पितळ दुसऱ्यात, जर्मनचे, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचे, पत्रे तिसऱ्यात. प्लास्टिकचा तुकडा फरशीवर आपटून नुसत्या आवाजावरून तो कुठल्या ढिगात जाणार ते सांगायची. आष्ट्याचा भंगार व्यापारी भाऊसो इतरांची पोती पालथी करून बघे; हिची तशीच गाडीत चढवे. एवढ्या नावावरच तिचं घर उभं होतं, आणि ते नाव तिच्या दहा बोटांत होतं.

मागच्या महिन्यातल्या दहा डब्यांनी त्या बोटांवरच घाला घातला. स्क्रू सापडले ते लेबलाखाली, तेही माथी घासलेले. कसंबसं झाकण फोडलं तर आत काळंभोर डांबर, काठोकाठ. छिन्नी लागेना. मग तिला सतारमेकरांची गल्ली आठवली. तडकलेला तानपुरा आला की कारागीर ऊन फडकं लावून सांध्यातला सरस सैल करतो आणि तबली, म्हणजे भोपळ्यावरची लाकडी फळी, अलगद उचलतो, हे तिनं उभं राहून कितीदा पाहिलं होतं. केलेली वस्तू पुन्हा उघडता येणारच, यात तिला कधी शंकाच आली नव्हती. तिनं डबा तव्यावर ठेवून मंद आच दिली. डांबर मऊ झालं, आणि दुसऱ्याच क्षणी उकळून हातावर उडालं.

यातलं शरयूला काही ठाऊक नव्हतं. पारूबाईचा उजवा हात पदराखाली होता. ती आपली बनवणाऱ्याच्या नावानं बोटं मोडत होती: कुणी तरी येंधळा कामावर असणार, त्याच्या हातनं डांबर सांडलं असणार, आणि मालकाला पत्ता नसणार.

"सांडलं नाही," शरयू म्हणाली. "मी ओतलंय."



"मुद्दाम?"

शरयू भराभर समजावू लागली. आत ओल जाऊ नये, कुणी नक्कल करू नये. म्हणून तर चिपांवरचे नंबरही तिनं कानशीनं घासून काढायला लावले होते. आणि नव्या मॉडेलला तर स्क्रूच नाहीत. पितळी नट प्लास्टिकमध्येच रुतवलेले, डबा कडेनं चिकटवलेला. सोमवारी ड्रॉइंग साचेवाल्याकडं जाणार. हे सांगताना तिच्या आवाजात नकळत अभिमान आला.

"आन् उगडायचा कसा?"

"उघडायचा नाहीच, पारूबाई."

पारूबाई पायरीवर बसली. तीस वर्षांत तिनं गंजलेलं, जळालेलं, उंदरांनी कुरतडलेलं सगळं उघडलं होतं. पण कुणी शिकलेलं माणूस टेबलाशी बसून, विचार करून, पुढच्या माणसाचा हात आत जाऊच नये असं आखतं, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. तिनं पदराखालचा हात बाहेर काढला. दोन बोटं काठीसारखी ताठ. कातडी तांबडी, ओढलेली.



"आजवर मी ह्याला चूक समजत हुते, ताई," पारूबाई म्हणाली. "चूक मानसाकडनं हुतीच."

तिनं टेम्पोतला एक डबा उचलला, शरयूपुढं ठेवला. बाजूला छिन्नी आणि हातोडा.

"तुमीच केलाय. दावा उगडून."

शरयू खाली बसली. आधी ती स्क्रू शोधत राहिली, जणू कुठं ठेवलेत ते तिलाच आठवेना. मग छिन्नी लावली. झाकणाची कपची उडून गालाला लागली. डांबरावर घाव घातला की छिन्नी नुसती रुतायची, निघायची नाही. तिनं नखांनी उकरलं. घाम कोपरापर्यंत आला. अर्ध्या तासानं तांब्याची एक तार दिसली, तीही ओढताना तुटली.

शरयूचे हात थांबले तेव्हा पारूबाई म्हणाली, "ही चाळीस मी घेत न्हाई, ते सोडा. पर सोमवारी ते कागुद जायच्या आदी त्याला चार इस्क्रू घालशीला का न्हाई, येवढं सांगा."

शरयूनं मान वर केली. तिची नजर त्या दोन ताठ बोटांवर गेली, तिथंच थबकली. मग ती उठली, काळे हात अंगापासून दूर धरून, आणि टेम्पोवाल्यालाही काही न सांगता, रुळांच्या कडेनं चालत निघून गेली.