डोंगरापलीकडचं माहेर

डिंगोऱ्याला आमच्या मळ्यामागं एक छोटा डोंगर आहे. वर ना किल्ला, ना लेणी. शनिवार-रविवारी गाड्या भरून येणारे ट्रेकर त्याच्याकडं वळूनही बघत नाहीत. मला मात्र तो आवडतो. चढ बेताचा, वाटेत करवंदाच्या जाळ्या, तासाभरात माथा. ओतूरच्या डॉक्टरांनी "रोज चाला" म्हटल्यापासून मी सकाळी तिकडंच जाते.

सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्याबाईंना, हे खूळ वाटायचं. "चालायला डोंगर कशाला? शेत हाय की एवढं!" पण गेल्या थंडीत एका सकाळी त्या स्वतःच लेकाचे बूट घालून दारात उभ्या. "चल, बघू तरी काय हाय तिथं."

त्या पुढं आणि मी मागं धापा टाकत. लुगड्याला कुसळं चिकटली तरी त्या थांबल्या नाहीत. माथ्यावरच्या शेंदूर लावलेल्या दगडाला हात जोडले, पलीकडं बघितलं आणि एकदम बोट दाखवलं.

"अगं, त्यो कळस आमच्या मारुतीचा!"

त्यांचं माहेर पलीकडच्या खोऱ्यात. चाळीस वर्षं त्या ओतूरला एसटी बदलून, भला मोठा वळसा घालून तिकडं जात होत्या.

"डोंगराच्या पल्याड हाय ते ठावं व्हतं. पर इतकं जवळ?" त्यांनी पदरानं डोळे टिपले आणि सरळ त्या बाजूनं उतरायलाच लागल्या.

"आत्याबाई, घरी सांगितलं नाही आपण!"

"फोन हाय ना तुझ्याकडं? मी व्हते म्होरं."

फोनला रेंज नव्हती. वाळल्या गवतावरून मी दोनदा घसरले. दोन्ही वेळा त्या पोट धरून हसल्या.

त्यांचे भाऊ अंगणात फवारणीचा पंप धूत होते. "आक्का! कुणाच्या गाडीवर आली?"

"माझ्या पायावर."

मामांना काही ते पटेना. माझ्या मळलेल्या कपड्यांकडं बघितल्यावर कुठं विश्वास बसला. मग चहा झाला, बाजरीची भाकरी झाली आणि आत्याबाईंनी जाहीर केलं, "मी ऱ्हाते दोन दिस. तू जा."

मी एकटीच डोंगर चढून परत आले. दारात नवऱ्यानं विचारलं, "आई कुठंय?"

"माहेरी गेल्यात. चालत."

तो मळ्यात जाऊन कितीतरी वेळ डोंगराकडं बघत उभा राहिला.