पांढरं तळघर

आत्याच्या जिभेला घरात सगळे घाबरत. ती शिव्या द्यायची म्हणून नव्हे, खोटं बोलायची नाही म्हणून. वाईन कच्ची राहिली असेल तर गिऱ्हाईकासमोरच तसं सांगून मोकळी व्हायची आणि तिचा भाऊ कपाळाला हात लावायचा.

बाग भावाची आणि तळघर बहिणीचं, ही वाटणी वडील गेल्यापासूनची. बागेत औषध फवारायचं नाही. ओळींमधलं गवत मेंढ्या खात. पिळून उरलेला चोथा परत वेलींच्या मुळाशी जाई, बाटल्या धुऊन पुन्हा भरल्या जात. आणि रसात बाहेरचं काही म्हणजे काही पडायचं नाही, यीस्टची पुडीसुद्धा नाही. तळघराच्या काळपट भिंतींवर, जुन्या लाकडी पिंपांवर जे पिढ्यानपिढ्या वस्तीला होतं, तेच विरजणाचं काम करी आणि रस आंबत असे. आत्याचा त्याच्यावर इतका जीव, की भाच्याच्या बायकोला, म्हणजे घरच्या सुनेला, लग्नाला चार वर्षं होऊनही आत पाऊल टाकायची परवानगी नव्हती. बाहेरच्या हाताचं ते काम नाही, एवढंच कारण.

द्राक्षं उतरवायच्या तोंडावर आत्या शिडीवरून पडली, पाय मोडून घेतला आणि दवाखान्यात अडकली. बापलेक दिवसभर बागेत गुंतलेले; घरात एकट्या उरलेल्या सुनेनं विचार केला, ती घरी येईपर्यंत तळघर लख्ख करून ठेवू. निदान यावेळी तरी शाबासकी मिळेल.

कुबड्यांवर तोल सावरत आत्यानं तळघराचं दार ढकललं आणि उंबऱ्यातच थिजली. भिंतींना चुन्याचा हात मारलेला. पिंपं सोड्यानं घासून उकळत्या पाण्यानं धुतलेली. दार उघडताच अंगावर येणारा तो ओलसर, आंबूस वास कुठेच नव्हता. क्षणभर तिला वाटलं, आपण दुसऱ्याच्याच घरात शिरलो. मग तिनं भिंतीवरून बोटं फिरवली, तर नुसता चुना हाताला लागला.

मागे सून हसऱ्या चेहऱ्यानं उभी होती.

"काय केलंस हे?" आत्या कशीबशी म्हणाली. "अगं, जिवंत होतं ते. मारून टाकलंस."

सुनेच्या तोंडचं पाणी पळालं. भिंतीवर काही जिवंत असेल, हे तिच्या गावीही नव्हतं. रडू आवरत ती म्हणाली, "मला कुणी सांगितलं होतं का, आत्या? तुम्ही हे दार माझ्यासाठी कधी उघडलंत तरी का?"

 आत्याला असं आजवर कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं ते खरं होतं. भिंतींपेक्षा त्याचाच धक्का मोठा बसला.

पिकलेली द्राक्षं थांबत नाहीत. ती पिळून रस पिंपांत भरला, पण दिवसांमागून दिवस गेले तरी एक बुडबुडा नाही. भाऊ म्हणाला, पुडी आणू या, नाहीतर वर्षभराची मेहनत मोरीत ओतावी लागेल. आत्या ऐकेना. द्राक्षांच्या सालीवरही थोडं विरजण असतं, म्हणून वेलींवर राहिलेले घोस तिनं सुनेला तोडून आणायला लावले. ते बादलीत कुस्करायचे, उबेला ठेवायचे आणि हातानं ढवळत राहायचं, असं समजावून सांगितलं. स्वतः आत्याला उभं राहवत नव्हतं, म्हणून बादली सुनेच्या स्वयंपाकघरातच राहिली. एका सकाळी बादलीवर फेस आला. तो फेसाळता रस पिंपांत ओतला आणि हळूहळू पिंपं खदखदायला लागली. घरादाराच्या जिवात जीव आला. आत्या मात्र पुन्हा पुन्हा हुंगत राहिली; येणारा वास तिच्या ओळखीचा नव्हता.

बाटल्या भरायची वेळ आली तेव्हा सगळे तळघरात जमले. वाईनवर घराण्याचं नाव लावायचं की सगळी ओतून द्यायची, हे आत्या ठरवणार होती. सून दाराबाहेरच घुटमळत होती. आत्यानं तिला आत बोलावलं, मग एक घोट घेतला. बराच वेळ तोंडात घोळवला. तिच्या चेहऱ्याचा रंगच उडाला आणि ती रिकाम्या खोक्यावर बसली.

"ही आपली चव नाही," ती म्हणाली.

भावानं मान खाली घातली.

आत्या पेल्याकडे बघतच राहिली. "उभा जन्म गेला माझा या तळघरात," ती म्हणाली, "आणि मला हे कधी जमलं नाही."

ही शाबासकी होती, हे उमगायलाच सुनेला वेळ लागला. उमगलं तेव्हा तीही मटकन तिच्या शेजारी बसली.