आठवीचं स्वराज्य

दोह्यातल्या एका अमेरिकन अभ्यासक्रमाच्या शाळेत मी आठवीला इतिहास शिकवते. मी मूळची रत्नागिरीची; अमेरिकेत कधी पाऊल ठेवलेलं नाही. तरी दरवर्षी तिथल्या तेरा वसाहती, इंग्लंडने लादलेले कर, समुद्रात फेकलेला चहा आणि स्वातंत्र्याचा जाहीरनामा हे सगळं माझ्याच तोंडून मुलांपर्यंत पोचतं. मुलं ऐकतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. त्या वर्षी मात्र त्यांनी ते फारच मनावर घेतलं.

निमित्त झालं मधल्या सुट्टीच्या हॉलचं. सप्टेंबरच्या उन्हात मैदानावर उभं राहवत नाही, म्हणून सहावी ते आठवीची मुलं सुट्टीत त्या थंडगार हॉलमध्ये जमायची. प्राचार्यांनी एक दिवस तो जादा तासांसाठी घेतला आणि मुलांना वर्गातच बसून खायला सांगितलं.

"मिस, वसाहतीतल्या लोकांनी आधी काय केलं होतं?" वर्गातल्या सगळ्यात हुशार, बोलक्या मुलीने मला विचारलं.

"राजाला अर्ज केले."

"आणि राजाने ऐकलं नाही तेव्हा?"

"इंग्लंडचा माल घेणं बंद केलं."

मी धड्यातलंच सांगत होते. मुलांनी अर्ज दिला. उत्तर आलं नाही, तेव्हा दुसरा दिला. मग शाळेच्या कँटीनमधून काहीही घ्यायचं नाही असं ठरलं. आठवडाभर सँडविचेस तशीच पडून राहिली आणि कँटीनवाला रोज ऑफिसात जाऊन कुरकुर करू लागला.

प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं. "मॅडम, इतिहास शिकवा, घडवू नका," ते हसत म्हणाले. ती ताकीद होती हे मला कळलं. नवऱ्याच्या, दोह्याच्या वेस्ट बे भागातल्या ऑफिसात तेव्हा माणसं कमी करत होते. घरी हे सांगितलं तर तो एवढंच म्हणाला, "तू यात पडू नकोस. उद्या तुझ्याच नोकरीवर घर चालवायची वेळ येईल."

पण मुलं जिंकली. प्राचार्य स्वतः वर्गात आले. "हॉल तुमचा. नियमही तुम्हीच करा. भांडणं झाली की खलास!"

मुलांनी बाकं बडवली. लगेच सभा स्थापन झाली आणि ती हुशार मुलगी अध्यक्ष झाली. पहिल्याच बैठकीत नियम झाला : ज्याला सभेत इंग्रजीत बोलता येईल, त्यालाच मत. नाहीतर म्हणे समजावण्यातच सुट्टी संपते.

त्या दिवशी तास संपल्यावर एक मुलगी माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. नांदेडकडची, मराठी शाळेतून थेट इथे आलेली. वडील रास लफानच्या गॅस प्रकल्पात टेक्निशियन होते. वर्गात ती फक्त माझ्याशी बोलायची, तेही हळूच, मराठीत.

"बाई, मला मत न्हाई म्हणतेत."

"कोण म्हणतं?"

"समदेच. पण त्या आठवड्यात म्या बी उपाशी ऱ्हायले व्हते की."

"उपाशी? डबा नव्हता आणला?"

"आई दवाखान्यात व्हती, बाबा शिफ्टला. म्या रोज कँटीनचंच खात व्हते. समद्यांनी सोडलं, मग म्या बी सोडलं."

हे कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नाही.

एका शब्दात मी तो नियम मोडीत काढू शकले असते. पण मग मुलांच्या सभेला अर्थ काय उरला असता? आणि गप्प बसले असते तर या पोरीने उपास केला कशासाठी? दोन दिवस माझं कशात लक्ष लागेना.

पुढच्या तासाला मी वर्गाला सांगितलं, की सगळी माणसं समान असं लिहिणाऱ्यांतल्या कित्येकांच्या घरी गुलाम राबत होते. नव्या राज्यात बहुतेक ठिकाणी बायकांना मत नव्हतं.

"पण मिस, ते नंतर सुधारलं ना," अध्यक्षीणबाई म्हणाल्या.

"नंतर म्हणजे केव्हा? तोवर जी माणसं मरून गेली, त्यांचं काय?"

मी म्हटलं, "नियम तुमचा आहे, मी हात लावणार नाही. फक्त एकीला सभेत बोलू द्या. ती मराठीत बोलेल, मी इंग्रजीत सांगेन."

सभेत ती भिंतीला टेकून बोलली. आईचं सांगितलं, उपासाचं सांगितलं. मी पदरचा एक शब्द न घालता तेवढंच सांगितलं. मतं पडली आणि दोन-तीन मतांनी तो नियम रद्द झाला.

अध्यक्ष मुलगी नंतर मला जिन्यात भेटली. तिचे डोळे भरले होते. "तुम्ही टीचर आहात, मिस. तुम्ही तिच्या शेजारी उभ्या राहिलात. मग आम्ही मोकळेपणाने मत कसं देणार?"

एवढं बोलून ती जिना उतरून गेली.

तिने सभा सोडली, तिच्या मागोमाग तिच्या मैत्रिणींनीही सोडली. उरलेले टेबलांवरून भांडू लागले. एकदा धक्काबुक्कीत सहावीतल्या एकाचा चष्मा फुटला आणि प्राचार्यांना हवं होतं ते कारण मिळालं. रविवारपासून, म्हणजे इथल्या आठवड्याच्या पहिल्याच दिवसापासून हॉल बंद, असं सांगायला ते आले. सगळे माना खाली घालून बसले होते. मागून नांदेडची मुलगी उठली.

"सर, वुई व्होट फर्स्ट. देन यू क्लोज."

प्राचार्य हसले. "सिट डाउन, बेटा."

ती बसली नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तिला खाली बसवणं माझं काम होतं. मला नवऱ्याचे शब्द आठवले, तरी मी तिला बस म्हटलं नाही. प्राचार्य निघून गेले. हॉलला रविवारी कुलूप लागलं. आणि त्या वर्षाच्या माझ्या कामाच्या शेऱ्यात एक वाक्य लिहून आलं, की वर्गावर नियंत्रण कमी पडतं.