मात्सुमोतोला उशिरा पोचलेला निमकर

न्यूझीलंडच्या टौरंगात मराठी माणसाची बातमी बंदरावरच्या कंटेनरपेक्षा लवकर हलते, आणि ती हलवणाऱ्यांत माझा हात असतो हे मी नाकारत नाही. सुधाकर निमकर हा आमचा आवडता माल. किवीफ्रूटच्या कोल्ड स्टोअरमध्ये तीस वर्षं यंत्रं सांभाळून निवृत्त झालेला. स्वभावही तिथल्याच तापमानाचा, असं आम्ही म्हणायचो. टाकीतलं गरम पाणी संपेल म्हणून पाहुणा आंघोळीला गेला की हा बाथरूमबाहेर घड्याळ घेऊन उभा!

बायको विनिता मोकळ्या हाताची. मूलबाळ नव्हतं. जपानहून शिकायला येणाऱ्या मुलींना ती घरी ठेवून घ्यायची. चौदा वर्षांपूर्वी आलेल्या सतरा वर्षांच्या मिसाकीवर तिचा फार जीव. 'काका', 'मावशी' म्हणायला तिनंच शिकवलं.

त्या जुलैतल्या एका गारठलेल्या संध्याकाळी मिसाकी आंघोळ करून बाहेर आली. टब तसाच भरलेला ठेवून सुधाकरला म्हणाली, "काका, पाणी छान गरम आहे. आता तुम्ही."

"तुझ्या अंगाचं पाणी मी घेऊ? तुमच्या घरी असली घाण चालते?" हा ओरडला आणि तिच्यासमोर त्यानं टबाचं बूच ओढलं. पाणी संपेपर्यंत पोरगी मान खाली घालून उभी होती. आठवड्याभरात ती दुसऱ्या घरी राहायला गेली. विनिता त्यावर कधी बोलली नाही, पण पुन्हा एकही मुलगी ठेवली नाही.

दोघींची नव्या वर्षाची कार्डं मात्र चालू राहिली.

दोन वर्षांपूर्वी विनिता गेली. पुढच्या दोन्ही जानेवारीत 'विनिता मावशी' असं लिहिलेलं कार्ड आलंच. सुधाकरनं ती ड्रॉवरमध्ये टाकली.

"अरे, दोन ओळी कळव तिला," मी म्हणालो.

"काय कळवू? ती गेली, आणि तुला हाकलणारा तेवढा उरलाय, असं?"

"मग तोंडानं सांगून ये. शेजारच्या हॅमिल्टनला जाताना पेट्रोलचा हिशोब करतोस, तुला कसलं जमतंय म्हणा!"

मी चिडवलं आणि तो खरंच निघाला. एकमेकांच्या घरी उतरणाऱ्या प्रवाशांचं एक मंडळ आहे, त्यातून ओसाकाला एका निवृत्त पोस्टमनकडे पहिला मुक्काम मिळाला. तिथे आंघोळीला आधी यालाच पाठवलं. यानं टब रिकामा केला, घासला, स्वतःच्या टॉवेलनं पुसून काढला. आपल्या वापराची खूण दुसऱ्याच्या घरात मागे ठेवायची नाही, हे आपल्या हाडातच असतं. बाहेर आला तर घरातली चार माणसं टॉवेल घेऊन बसलेली. आजीबाई हसल्या आणि मुकाट्यानं पुन्हा नळ सोडायला गेल्या.

सकाळी ऑकलंडला राहून आलेल्या सुनेनं सांगितलं, "आम्ही बाहेर अंग धुऊन मगच टबात बसतो. मग त्याच पाण्यात एकेक जण. पाणी मागून येणाऱ्यासाठी गरम ठेवायचं."

सुधाकरनं हातातला चहा खाली ठेवला. त्या पोरीनं आपल्यासाठी काय राखून ठेवलं होतं, ते त्याला तेव्हा कळलं.

मिसाकीला त्यानं 'येतोय' एवढंच कळवलं होतं; तिच्या गावी, मात्सुमोतोच्या स्टेशनवर ती एकटीच आली होती. आता एकतीस वर्षांची, औषधाच्या दुकानात काम करणारी. तिनं त्याच्या मागे पाहिलं.

"काका, मावशी?"

"गेली. दोन वर्षं झाली. मी कळवलं नाही."

ती तिथेच वाकली आणि बराच वेळ वर आली नाही.

घरी पोचल्यावर सुधाकरनं सुरुवात केली, "त्या दिवशी मी..."

"काका, त्याची माफी तुम्ही केव्हाच मागितलीत." तिनं एक डबा आणला. विनिताची बारा कार्डं. प्रत्येकाच्या तळाशी तीच ओळ: सुधाकरला अजून वाईट वाटतं, तो माफी मागतो. खाली त्याचं नाव.

आमच्यापैकी कुणीही असता तर 'हो हो' म्हणून सुटला असता. मी तर नक्कीच.

सुधाकर म्हणाला, "हे तिनं लिहिलंय. मला पत्ताच नव्हता. तेव्हा मला वाईट वाटलं नव्हतं, मिसाकी. माझंच बरोबर, असं धरून बसलो होतो. परवा ओसाकाला कळलं. माफी मी आज मागतोय."

तिनं डबा बंद केला.

"मला आता राग आलाय," ती म्हणाली.

"येऊ दे."

सुधाकर उठून बॅग घेणार, तेवढ्यात ती म्हणाली, "बसा काका. मावशी शेवटी कशी होती, ते सांगा."

इथे टौरंगात आम्ही दोन वर्षं त्याला जेवणाचे डबे पोचवत होतो आणि डब्यांबरोबर आडून आडून प्रश्नही. त्यानं कुणाला दाद दिली नव्हती. मिसाकीला त्यानं पहिल्या तपासणीपासून सगळं सांगितलं. काय सांगितलं ते मला ठाऊक नाही, आणि या खेपेला मी विचारलंही नाही.