पाइपातली वंशावळ

भास्करकाकांना कुणी नमस्कार केला की ते नमस्कार परत करत नसत, त्याच्या वडिलांचं आणि आजोबांचं नाव विचारत. आजोबांचं सांगितलं की पणजोबांचं. तिथवर माणूस टिकला तर खापरपणजोबांचं, आणि तिथे सगळेच आपटत. मग काका खुशीत म्हणत, "मोबाइलचे दहा आकडे पाठ, आणि चार बापांची नावं नाहीत! वा रे बहाद्दर!" बोर्डीच्या एसटीत त्यांनी कंडक्टरलासुद्धा सोडलं नव्हतं. त्यानं चारही नावं धडाधड सांगितली, तेव्हा उतरताना काका माझ्या कानात म्हणाले, "खोटी असतील."

काका म्हणजे माझ्या बाबांचे चुलतभाऊ. आगरला आमच्या शेजारच्या खोलीत एकटे राहत. लग्न केलंच नव्हतं. शाळेतली शिपायाची नोकरी संपली आणि त्यांनी घराण्याची वंशावळ काढायला घेतली. सहा चार्टपेपर चिकटवून केलेला तो कागद ते चार फुटी पीव्हीसी पाइपात ठेवत आणि पाइप खांद्याला अडकवून हिंडत. नवख्या माणसाला वाटे, प्लंबर आला. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या मासे मारणारी माणसं. पण काकांच्या मते आमचा मूळपुरुष आरमारात सरदार होता. पुरावा काय, तर घरामागे पडलेला होडीचा गंजका नांगर.

"साध्या खलाशाकडं एवढा नांगर असतो का, बाय?"

"असतो," बाबा आतून ओरडत. "नसेल तर होडी थांबेल कशी?"

बरं, त्या कागदात बाई औषधालाही नव्हती. सगळे पुरुष पुरुषांनाच झालेले! मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "वंश पुरुषाचा असतो. बायका लिहायच्या तर पाइप केवढा लागेल?"

मग माझ्या नर्सिंगच्या ॲडमिशनची वेळ आली. जातीच्या दाखल्याची पडताळणी व्हायची होती आणि त्यासाठी पणजोबांच्या काळचा, जात लिहिलेला कागद हवा होता. महिनाअखेरपर्यंत दिला नाही तर सीट गेली. घरात रडारड, काका मात्र नवरदेवासारखे खूश. "तू गप बस. हा पाइप कशाला आहे?"

कचेरीत पाइप उघडला. आमच्यात नातवाला आजोबांचंच नाव ठेवायची रीत, त्यामुळे लक्ष्मणचा गोविंद, गोविंदचा लक्ष्मण, त्याचा परत गोविंद, असं वरपासून खालपर्यंत. तिथल्या बाईंनी चष्मा लावून सगळं वाचलं. "काका, ही दोनच माणसं दिसतात. पुन्हापुन्हा जन्माला आलेली. आणि जुना कागद कुठाय?"

कागद सापडेना. काकांनी शाळांची रजिस्टरं, जन्ममृत्यूच्या वह्या, सगळं उलथंपालथं केलं. तलासरीपर्यंत जाऊन आले. घराण्यातल्या एकाही पुरुषाचा पत्ता नाही. रोज परत आले की ओट्यावर बसून तेच म्हणायचे, "आपले पुरुष गेले कुठं?" चार दिवस उरले, तेव्हा मी नवी बॅग माळ्यावर टाकून दिली.

पुरुष कुठे गेले ते मथीआजीनं सांगितलं. आमच्या आळीतली सगळ्यांत म्हातारी बाई, वलांडीवर बोंबील वाळत घालत होती. काकांचं रडगाणं ऐकून भडकलीच. "भास्कऱ्या, मेल्या, पुरुष दर्यात असायचे! बाजारात कोण गेलं? आम्ही. कचेरीत कोण गेलं? आम्ही. तुझा आजा बुडाला तेव्हा घराच्या जागेला नाव कुणाचं लागलं? तुझ्या आजीचं, हिरूचं. तिचं नाव बघितलंस का?"

काकांची आई लवकर गेली होती. या हिरूआजीनंच पाटी डोक्यावर घेऊन, मासळी विकून त्यांना वाढवलं होतं. आणि सहा चार्टपेपरांत ती नव्हती.

दुसऱ्या दिवशी जुन्या फेरफारात सापडली. 'हिरू कोम लक्ष्मण गोविंद', म्हणजे लक्ष्मणची बायको, माझी पणजी. पुढे जात लिहिलेली, खाली अंगठा. काकांनी त्या अंगठ्यावर बोट ठेवलं. "हिच्या हातचं जेवलो, बाय, आणि हिलाच विसरलो," म्हणाले आणि सगळ्यांदेखत हमसून रडले. मला सीट मिळाली.

पुढची दोन वर्षं काका पुन्हा हिंडले, आता बायका लिहायला. मथीआजीसमोर उकिडवे बसून नावं उतरवून घेत, शिव्याही खात. सरदार काही सापडला नाही. "नाही तर नाही," ते म्हणत, "सात सरदारणी निघाल्या!" पाइप मात्र खरंच मोठा आणावा लागला.

गेल्या वर्षी काका गेले. मी आता तलासरीला नर्स आहे. शेवटी उशाशी मीच होते. मूल नसलेल्या माणसाच्या नावाखाली वंशावळीत 'निर्वंश' लिहून दोन आडव्या रेघा मारतात. काकांनी इतरांच्या नावाखाली बिनदिक्कत मारल्या होत्या. स्वतःच्या नावाखाली जागा कोरी होती. मला म्हणाले, "तेवढं तू कर, बाय. माझा हात होत नाही."

त्यांच्या खोलीच्या वारसनोंदीला वंशावळ जोडायची होती. मी पेन घेऊन बसले. रेघ काही मारवेना. ज्याच्यामुळे मी माणसांत आले, त्याला निर्वंश कशी लिहू? सरळ त्यांच्या नावाखाली माझं नाव लिहिलं आणि अर्ज दिला. महिन्यानं परत आला. शेरा: 'सदर व्यक्ती मयताची मुलगी नाही.'

बाबा चिडले. "अगं, मुलगी तू माझी ना? कचेरीला कशाला छळतेस?" मी दुसरा अर्ज केला, नाव तसंच. तोही परत आला.

तिसऱ्या अर्जात काकांच्या खाली माझं नाव बाबांनी स्वतःच्या हातानं लिहिलं.