सरकारी पाचोळा

गल्लीच्या टोकाला इस्त्रीवाल्या काकूंचं दुकान होतं. मागे तारेचं कुंपण, आणि पलीकडे टेकडीवर सरकारी जंगल. त्यात वाळलेलं गवत आणि पाचोळा गुडघाभर साचलेला. वनखात्याच्या साहेबांचे गणवेश काकूंकडेच येत, त्यामुळे तक्रारीसाठी त्यांना कुठे जावं लागत नसे.

"साहेब, तेवढं गवत कापून घ्या हो. ठिणगी पडली तर आधी माझं दुकान जाईल."

"निधी आला की कापू."

"मग आम्हीच कापतो."

"छे छे! पाचोळा सरकारी आहे. हात लावलात तर गुन्हा होईल."

काकूंनी कॉलरवर इस्त्री अशी काही दाबली, की साहेब मागे सरकले.

पुढे वणवा प्रतिबंधक सप्ताह उजाडला, आणि खात्याने कामाचा श्रीगणेशा केला तो काकूंची कोळशाची इस्त्री जप्त करून. जंगलाजवळ निखारा नको, असा वरून हुकूम होता. ती न्यायला आलेला वनरक्षक मान खाली घालून म्हणाला, "काकू, माझा शर्ट आत आहे. तेवढा आधी करून देता?"

"चोर सोडून संन्याशाला फाशी!" धाकट्या जाऊबाई आतून कडाडल्या. दुकानातलं धुणं त्यांच्याकडे होतं, आणि त्या धुवायच्या ते काही फक्त कपडेच नव्हेत.

सप्ताहाच्या शेवटी प्रात्यक्षिक ठरलं, तेही काकूंच्या दुकानामागेच. कारण तिथे गाड्या लावायची सोय होती. मांडव पडला, खुर्च्या आल्या. पत्र्याच्या पिंपात पाचोळा पेटवायचा आणि नव्या पंपाने विझवायचा, एवढाच कार्यक्रम. साहेबांनी लांबलचक भाषण केलं, पिंप पेटवलं, पंपाची दोरी ओढली. पंप खोकला आणि गप्प बसला.

नेमका तेव्हाच वारा सुटला. पिंपातली पेटती पानं उडाली आणि गवतात पडली.

"घाबरू नका," साहेब माईकवरून म्हणाले, "हे प्रात्यक्षिक आहे!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मांडवाची झालर पेटली तेव्हा तर काही जण उभे राहून वाजवू लागले. काकू मात्र जाऊबाईंकडे वळल्या.

"अगं, हौदातलं धुणं काढ!"

"ताई, विश्रामगृहाच्या चादरी आहेत त्या!"

"ओल्या आहेत ना? मग बडव!"

दोघी तारेखालून आत शिरल्या आणि ओल्या चादरींनी आग झोडपू लागल्या. बडवायची सवय हाताला होतीच. वनरक्षकाने टोपी भिरकावली आणि एक चादर उचलली. मग कुठे लोकांच्या डोक्यात प्रकाश पडला. बादल्या आल्या, कोणी हिरव्या फांद्या मोडल्या. टेकडीचा एक उतार काळा झाला, मांडव गेला, पण दुकान वाचलं. काकूंच्या भुवया तेवढ्या होरपळल्या.

साहेबांनी माईक सोडला नव्हता. "लोकसहभागाचं उत्तम उदाहरण!" असं जाहीर करून ते खाली उतरले आणि हळूच म्हणाले, "काकू, चादरी सरकारी होत्या. भरपाईचं बघावं लागेल."

काकूंनी हातातली चादर साहेबांच्या बुटांवर पिळली.

सकाळी अख्खी गल्ली विळे घेऊन कुंपणापाशी हजर. उरलेलं गवत सपासप पडू लागलं. अडवायला पाठवलेला वनरक्षक झाडाखाली उभा राहिला आणि वर बघू लागला.

"साहेबांना सांगेन, पक्षी मोजत होतो."

"मोजा भाऊ, सावकाश मोजा," जाऊबाई म्हणाल्या, "चिमण्या सुटतील नाहीतर."

काकूंनी गवताची पेंढी आवळून बांधली आणि तारेबाहेर फेकली.